स्विफ्टला २०५ चे टायर बसतील, पण पोट घासायचं थांबणार नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचा टायर १६५/८० आर १४. गाव केज-धारूर रस्त्यावरून आत, शेवटचा तुकडा कच्चा. चार-पाच जण बसले की गाडी खालून घासते. टायर संपलेच आहेत, तर दुकानदाराने अलॉयसकट २०५/६५ आर १५ सुचवलाय, ‘गाडी उंच होती अन् भरीव दिसती’ म्हणून. मित्र म्हणतो, तेवढं नको, १९५/६५ आर १५ घाल. बसतील का, आणि पुढे काही त्रास होईल का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी जालन्यात टायर आणि अलाइनमेंटचं काम करतो. हा प्रश्न दुकानात रोज येतो आणि बहुतेक वेळा ‘बसतील का’ असाच येतो. बसायचं म्हटलं तर बरंच काही बसतं. नट आवळले, गाडी खाली सोडली, चाक फिरलं, म्हणजे बसलं. पण तुमचं खरं दुखणं टायरचा साइज नाहीच, पोट घासणं हे आहे. म्हणून आधी त्याचा हिशोब करू, साइजचं नंतर बघू.

टायरवरचे आकडे असे वाचायचे: १६५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या ८० टक्के उंच, म्हणजे १३२ मिमी. ती वर एक, खाली एक, मिळून २६४. त्यात १४ इंची डिस्कचे, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या चाकाचे, ३५५.६ मिळवले की चाकाची पूर्ण उंची साधारण ६२० मिमी. याच रीतीने २०५/६५ आर १५ ची उंची येते ६४७.५, म्हणजे २८ मिमी जास्त. आता चाक उंच झालं तरी गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, कारण एक्सल चाकाच्या मधोमध असतो. म्हणजे एवढा सगळा खर्च करून गाडी उचलली १४ मिमी. तुमच्या मित्राच्या १९५/६५ आर १५ ने उंची होते ६३४.५, गाडी उचलते साडेसात मिमी.

स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर, कंपनी १६३ मिमी सांगते, तोही रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि डिकीत बाजार भरला की गाडी बसते ती सेंटीमीटरमध्ये. तिथे साडेसात मिमीने काय होणार? आणि एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ७-८ मिमी खोल असते. तुमचे टायर संपलेत म्हणता, म्हणजे ती दीड-दोनवर आली असणार. तेव्हा कंपनीच्याच साइजचे नवे टायर टाकले तरी पाच-सहा मिमी उंची आपोआप परत मिळते. मित्र जेवढी उंची सांगतोय, जवळपास तेवढीच.

आता मला सांगा, गाडी नेमकी घासते कुठे? हे बघितल्याशिवाय कुणीही दिलेला सल्ला हवेतला आहे. पुढच्या बंपरची खालची कड घासत असेल तर ते चढाला लागताना किंवा उंच स्पीड ब्रेकरवरून उतरताना होतं. मधोमध घासत असेल तर रस्त्यात चाकोरीचा उंचवटा आहे. उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन दोन्ही बाजू खचतात आणि मधला वरंबा तसाच राहतो, आपल्याकडे कारखाने सुरू झाले की सगळीकडे हेच. मागून घासत असेल तर मागच्या स्प्रिंग बसल्यात किंवा सायलेन्सर टांगायची रबरं गेलीत. आणि पुष्कळदा, खरंच पुष्कळदा, घासतं ते इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर असतं. त्याच्या क्लिपा पडलेल्या असतात आणि ते लोंबत असतं. मालकाला वाटतं गाडीच खाली आहे. दोन-चार क्लिपांचं काम असतं ते.

स्प्रिंगची तपासणी घरी करता येते. सपाट जागी गाडी रिकामी उभी करा, हवा चारही चाकांत बरोबर भरलेली असू द्या. चाकाच्या मधल्या टोपीपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, चारही ठिकाणी. डाव्या-उजव्यात दहा मिमीच्या वर फरक दिसला तर एका बाजूची स्प्रिंग थकलीय असं समजा. मग शॉकअपच्या रॉडवरचं बफर बघा. ते फुटून गेलेलं असलं की भरलेली गाडी खड्ड्यात नको तेवढी खाली जाते. तुमच्यासारख्या वापरात सहा वर्षांच्या गाडीचं बफर शाबूत सापडणं मुश्किल. जो पैसा तुम्ही अलॉयवर घालताय, त्यातला थोडा इथे घातला तर घासणं खरंच कमी होईल.

एक सावधगिरी. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे गट्टू बसवून गाडी उचलून देणारे भेटतील. मी बसवत नाही. त्याने स्प्रिंगची काही वेटोळी कामातून जातात, सगळा भार उरलेल्यांवर येतो आणि गाडी आदळायला लागते.

आता साइजकडे येऊ. मूळ उंचीपेक्षा तीन टक्क्यांच्या आत राहायचं, ही आमच्या धंद्यातली ढोबळ मर्यादा. २०५/६५ आर १५ साडेचार टक्के जातो, तिथेच तो बाद. पण बाद का, ते सांगतो, कारण दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणणार आहे.

पहिलं, मीटर. गाडीला वेग कळतो तो चाकाच्या फेऱ्यांवरून. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पळते, पण मीटरला ते माहीतच नसतं. काटा ११५ दाखवेल तेव्हा गाडी पूर्वीच्या हिशोबाने १२० वर असेल. कंपनी मीटर मुळात किंचित जास्त दाखवेल असंच लावते, ती सवलत तुम्ही इथे खाऊन टाकता. समृद्धी महामार्गावर वेगाची मर्यादा १२० आहे आणि कॅमेरे आहेत, तेव्हा ‘मीटर तर ११८ दाखवत होतं’ हे कुणी ऐकणार नाही. किलोमीटरही कमी मोजले जातात. मोठे टायर टाकल्यावर ‘अ‍ॅव्हरेज एकदम पडलं’ अशी तक्रार येते, त्यातला काही भाग खरा असतो, कारण चाक जड झालेलं असतं, पण काही भाग नुसता मीटरचा खेळ असतो. डिझेल-पेट्रोल तेवढंच जळालं, किलोमीटर कमी लिहिले गेले.

दुसरं, ताकद. चाक मोठं म्हणजे प्रत्येक गिअर थोडा लांब झाल्यासारखा. सपाट रस्त्यावर कळणार नाही. पाच माणसं घेऊन धारूरचा घाट चढताना कळेल, तिसऱ्यात जाणारी गाडी दुसऱ्यात घ्यावी लागेल. उतरताना ब्रेकलाही तेच. चाकाचा घेर मोठा झाला पण ब्रेकची डिस्क तेवढीच, म्हणजे गाडी थांबवायला पाय जास्त दाबावा लागतो.

तिसरं, घासणं. गाडीचं पोट घासायचं थांबवायला निघालात आणि आता टायर घासायला लागला, असं होतं. रिकाम्या गाडीत, दुकानासमोर, सरळ चाकात काहीच घासत नाही. म्हणून दुकानदारही खोटं बोलत नसतो. घासतं ते गाडी भरल्यावर, स्टेअरिंग पूर्ण वळवून, एक चाक खड्ड्यात गेल्यावर. अशा गाड्या आमच्याकडे येतात तेव्हा मी टायरला हात लावायच्या आधी मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिक अस्तरावर हात फिरवतो. घासलेल्या जागी ते काळं, गुळगुळीत झालेलं असतं, कडेला प्लॅस्टिकचे बारीक कीस लोंबतात. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि भिंत मिळतात त्या कडेवर, बोटभर पट्टा चमकत असतो, जणू पॉलिश केलाय. मालक सांगतो, ‘वळताना खर्र असा आवाज यायलाय.’

त्यात आपली काळी माती. पाऊस पडून गेल्यावर शेतरस्त्यावरून दोनशे फूट गेलात की टायरला मातीचा थर चढतो आणि मडगार्डच्या आत थापत जातो. कंपनीने ठेवलेली मोकळी जागा कोकणातल्या किंवा पुण्यातल्या माणसाला जास्त वाटते, आपल्याला ती लागते. रुंद आणि उंच टायरने ती जागा भरून टाकली की चिखल आतच घट्ट बसतो. एकदा वाळला की विटेसारखा होतो, आणि चाक त्याच्यावर घासत राहतं. रुंद टायर चिखलात जास्त पकड देतो हा गैरसमजही सोडा. आपल्या चिखलात अरुंद टायर खाली रुतून कडक जमीन शोधतो, रुंद टायर वरच तरंगतो आणि गाडी आडवी होते. ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी, त्याला वजन आहे आणि नक्षी कितीतरी खोल आहे.

चौथं, स्टेपनी. ती १६५/८० आर १४ चीच राहणार. पुढच्या एका चाकाला ६२० चा आणि दुसऱ्याला ६४७ चा टायर लावून अंबाजोगाईपर्यंत गेलात तर गिअरबॉक्समधला डिफरेन्शियल, जो वळताना दोन चाकांना कमी-जास्त फिरू देतो, तो सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो. एबीएसलाही (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चारही चाकांच्या फेऱ्या सारख्या अपेक्षित असतात.

मग मित्राचा १९५/६५ आर १५? कागदावर तो पास होतो, दोन टक्के आणि थोडं वर. इथे मात्र माझं उत्तर परिस्थितीवर आहे. वापर सगळा डांबरी रस्त्यावर, गाडीत बहुतेक वेळ दोनच माणसं, डिस्क साडेपाच किंवा सहा इंच रुंदीची आणि बरोबर ऑफसेटची (चाक किती आत-बाहेर बसतं त्याचं माप) असेल तर लोक वापरतात, चालतं. तुमचा वापर याच्या उलटा आहे. भरलेली गाडी, कच्चा रस्ता, काळी माती. साडेसात मिमीसाठी एवढी उठाठेव मी करणार नाही.

तुमच्यासाठी माझ्या मते दोनच रस्ते आहेत.

एक, आहे तोच साइज ठेवा. लोकांना हे उत्तर आवडत नाही, फुकट आलो असं वाटतं. पण १६५/८० ची भिंत १३२ मिमी उंच आहे आणि तुमच्या रस्त्यावर तीच कामाला येते. दगडावर आदळलं तर रबर दबतं, डिस्कपर्यंत मार जात नाही. तूर-कापूस निघाल्यावर रानात धसकटं राहतात, ती टायरच्या भिंतीत घुसतात, आणि भिंतीचं पंक्चर काढत नसतात, टायरच बदलावा लागतो. तेव्हा अशा रस्त्यावर टायर जितका साधा, स्वस्त आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारा, तितका बरा.

दुसरा, १८५/६५ आर १५. हा स्विफ्टच्याच झेडएक्सआय या वरच्या मॉडेलला कंपनी देते. उंची ६२१.५, तुमच्यापेक्षा फक्त दोन मिमी जास्त. मीटर बरोबर, गिअर तेच, जुनी स्टेपनी वेळेला चालून जाते. रस्त्यावरची पकड आणि वळणावरचा भरवसा नक्की वाढतो. मात्र भिंत १२० मिमीवर येते, म्हणजे खड्ड्याचा मार थोडा जास्त जाणवेल. आणि उंचीच्या नावाने मिळणार १ मिमी. महिन्यातून चार-सहा वेळा संभाजीनगर किंवा पुण्याला जाणं असेल तर हा घ्या. गाव ते केज एवढंच असेल तर पहिला. वरच्या मॉडेलच्या मालकाने नवीन गाडीचे काढलेले डिस्क-टायर विकायला असतात, मिळाले तर स्वस्तात काम होतं. फक्त टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार अंकी आकडा असतो तो वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

मधला एक पर्याय काही जण सांगतील: चौदाच्याच डिस्कवर १८५/७० आर १४. तोही चालतो, डिस्क बदलायची गरज नाही. पण त्याची उंची ६१५ च्या आसपास, म्हणजे गाडी उलट अडीच मिमी खाली येणार. तुमच्या तक्रारीवर हा इलाज कसा म्हणायचा?

साइजशेजारी आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं, ८५ एस किंवा ८८ एच असं काहीतरी. आकडा वजनाचा: ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. अक्षर वेगाचं: एस १८० पर्यंत, टी १९०, एच २१०. मूळ टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली कधी जायचं नाही, वर गेलात तर हरकत नाही. दुकानदार साइज जुळवतो आणि हे बघायचं राहून जातं, विशेषतः सवलतीत आलेला माल असला की.

डिस्क घ्यायची झाली तर ‘चार नटांची आहे, बसते’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्विफ्टला नटांच्या भोकांचं वर्तुळ १०० मिमीचं लागतं, ते बऱ्याच गाड्यांचं असतं. मधलं मोठं भोक ५४.१ मिमी असतं. बाजारातल्या अलॉयचं ते मोठं असतं, सगळ्या गाड्यांना बसावं म्हणून. मग चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या गाडीकडच्या भागावर, न टेकता नुसत्या नटांवर टांगलं जातं आणि वेग वाढला की स्टेअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग दहादा केलं तरी जात नाही. त्याला मधली रिंग मिळते, ती मागून घ्या. ऑफसेट, म्हणजे डिस्कच्या मागे ‘ईटी’ लिहून जो आकडा असतो, तो मूळ डिस्कपेक्षा फार कमी असेल तर चाक बाहेर येतं. दिसायला रुबाबदार दिसतं, पण मडगार्डला लागतं आणि बेअरिंगवर भार वाढतो. नटही अलॉयच्या खाचेला जुळणारेच हवेत.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलात बदल करायला मनाई आहे. स्विफ्टलाच कंपनी देते तो साइज घातलात तर कुणाला काही समजावून सांगायची वेळ येत नाही. २०५ घालून अपघात झाला तर विमा कंपनीच्या माणसाच्या हातात तुम्ही स्वतःहून एक कारण देता. अलॉय बसवले तर विम्यात कळवून ठेवा. ज्यांची गाडी पिवळ्या पाटीची आहे त्यांनी तर साइज बदलायचा विचारच करू नये, फिटनेसला अडकते.

हवेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. तुमची गाडी बहुतेक भरलेली, तर भरलेला आकडा धरा, आणि हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी बघा. मे महिन्यात बेचाळीस अंशांत ‘हवा फुगते म्हणून दोन-चार पॉइंट कमी ठेवा’ असं सांगणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि तापलेला टायर समृद्धीच्या काँक्रीटवर तासभर सलग शंभरच्या वर पळाला की फुटतो. गरम टायरची हवा काढायची नाही. कमी हवेने गाडीही खाली बसते, हेही तुमच्या घासण्यातलं एक कारण असू शकतं.

तरीही तुम्ही दुसराच साइज घ्यायचा ठरवला, तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच एक परीक्षा घ्या. एकच चाक पुढे बसवायला सांगा. टायरच्या दोन्ही खांद्यांवर ओला खडू फासा. गाडीत चार-पाच जण बसवा, दुकानात पोरं असतातच. त्याच चाकाखाली एक वीट किंवा फळी घाला म्हणजे ते वर दबेल, मग स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. नंतर आतल्या अस्तरावर कुठे खडू उमटलाय ते बॅटरी लावून बघा. आतल्या बाजूला टायर आणि शॉकअपची नळी यांच्यात करंगळी सहज गेली पाहिजे. खडू उमटला तर चाक काढायला लावा, ‘वापरून वापरून जागा करतं’ हे ऐकू नका.

बसवून झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या, आणि अलॉय असतील तर शंभर-एक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

तेव्हा आधी टेपने मोजलेले चार आकडे आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून काढलेले दोन-तीन फोटो टाका, इंजिनखालचं कव्हर आणि मागच्या स्प्रिंग दिसतील असे. डिस्कच्या आतल्या बाजूला ५जे किंवा साडेपाच जे असं (डिस्कची रुंदी, इंचांत) कोरलेलं असतं, तेही बघून लिहा. टायर आठ दिवस उशिरा घेतले तरी चालतील, पण नक्षीत झीजदर्शक उंचवटे असतात, १.६ मिमीचे, त्यांना रबर टेकलं असेल तर मात्र थांबू नका, आहे त्याच साइजचे टायर आजच घाला.